सिलिंडरच्या भिंती

काळ्या जमिनीत विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पाणी लागले म्हणजे विहीर पुरी झाली असे नव्हे. ती आतून दगडाने बांधून काढली म्हणजे पुरी झाली. पाणी लागल्याच्या आनंदात बांधकाम पुढल्या सालावर ढकलले, तर पावसाळ्यात भोवतालची माती फुगते, आत लोटते आणि खणलेली विहीर व केलेला खर्च ही दोन्ही एकाच वेळी बुजून जातात. मोटारीच्या इंजिनातील सिलिंडर ही अशीच एक लहानशी विहीर आहे. फरक इतकाच की, विहिरीत दाब बाहेरून आत येतो आणि सिलिंडरमध्ये तो आतून बाहेर जाऊ पाहतो. शिवाय विहिरीवरील दाबाला ऋतूंची विश्रांती आहे. वेगात धावणाऱ्या इंजिनात मात्र तो एकेका सिलिंडरवर सेकंदाला पन्नास वेळा आदळतो.

टर्बोचार्जर बसवून मोटारीची शक्ती वाढविण्याची हौस गेल्या काही दशकांत जगभर पसरली आहे. अशा गाडीभोवती चार माणसे जमली, म्हणजे अश्वशक्ती किती झाली, वेग किती गाठला, याची चर्चा हटकून होते. ती शक्ती ज्या भिंतींनी आवरून धरावयाची, त्या भिंतींची विचारपूस मात्र बहुधा इंजिन निकामी झाल्यानंतरच होते. या भिंतींवर नेमका कोणता भार पडतो, त्या कोठे आणि का हार खातात, व त्यांना बळकटी आणण्याचे मार्ग कोणते, हा विषय वरकरणी कारागिराचा वाटतो. परंतु सामर्थ्य वाढवावयाचे तर ते धारण करणारे पात्र आधी पाहावे, हा जो व्यवहारातला जुना न्याय आहे, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण यंत्रशास्त्रात दुसरे क्वचितच सापडेल.

प्रथम भाराचा हिशेब पाहावा. त्यासाठी एक प्रत्यक्ष इंजिन समोर ठेवणे सोयीचे होईल. जपानच्या होंडा कंपनीने १९८९ साली आपल्या इंटिग्रा गाडीत ‘बी-१६ ए’ या नावाचे १.६ लिटरचे इंजिन आणले. टर्बोच्या साह्याशिवाय ते १६० अश्वशक्ती देत असे, आणि त्या काळी ही गोष्ट नवलाची होती. पुढे याच घराण्यात १.८ लिटरचे ‘बी-१८ सी’ हे भावंड जन्मले. हलकी, स्वस्त आणि चपळ अशी ही इंजिने तरुण शौकिनांच्या हाती गेली आणि त्यांवर टर्बोचार्जर चढविण्याचे प्रयोग अमेरिकेत व अन्यत्र मोठ्या प्रमाणावर झाले. सिलिंडरच्या भिंतींचा प्रश्न सर्वसामान्य कारागिरापुढे येऊन उभा राहिला, तो मुख्यतः अशा इंजिनांमुळे.

या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटर आहे. म्हणजे पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ साधारण साडेएक्कावन चौरस सेंटिमीटर भरते. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटले, की साध्या इंजिनात दर चौरस सेंटिमीटरवर साठ किलोच्या आसपास दाब सहज निर्माण होतो. याचा अर्थ पिस्टनवर सुमारे तीन टनांचा भार येतो. टर्बोने हवा कोंबून हाच दाब शंभर किलोवर नेला, तर भार पाच टनांच्या पलीकडे जातो. एका माणसाच्या तळहातावर सहज मावेल अशा वस्तूवर भरलेल्या मालमोटारीइतके ओझे पडावे, आणि तेही इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असता सेकंदाला पन्नास वेळा, असा हा प्रकार आहे.

पिस्टन खाली सरकू शकतो. भिंतीला सरकता येत नाही. तिला दाब जागच्या जागी सोसावा लागतो. सिलिंडरची एक सेंटिमीटर उंचीची कडी कापून वेगळी काढली अशी कल्पना केली, तर शंभर किलोच्या दाबाने ती कडी उभी दुभंगू पाहणारे बळ आठशे दहा किलोंचे असते, आणि ते दोन्ही बाजूंच्या भिंती निम्मेनिम्मे वाटून घेतात. भिंत पाच मिलिमीटर जाड असेल, तर तिच्या दर चौरस सेंटिमीटरला आठशे दहा किलोंची ताण पडते. साधे बीड याच्या दुपटीहून अधिक ताण सोसते, हे खरे. तेव्हा भिंत फुटण्याचे कारण काय, असा प्रश्न उत्पन्न होतो. त्याचे उत्तर असे की, भिंतीचा शत्रू एक नाही. चार आहेत, आणि ते एकत्र चालून येतात.

पहिला शत्रू हा सरळ फुगविणारा दाब. दुसरा आडवा रेटा. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड सदैव तिरका असतो. त्यामुळे खाली जाणारा पिस्टन भिंतीच्या एका अंगाला टेकून, तिला रेटीत खाली जातो. वरील इंजिनात दाब ऐन भरात असता, म्हणजे क्रँक वरच्या बिंदूपासून पंधरा अंश पुढे गेला असता, हा रेटा पिस्टनवरील भाराच्या आठ टक्क्यांइतका येतो. पाच टनांवर आठ टक्के म्हणजे चारशे किलो. फुगविणारा दाब चहूकडून सारखा असतो. हा रेटा मात्र नेहमी एकाच अंगावर असतो. पुष्कळ वेळा भिंतीवरची उभी चीर नेमकी याच अंगाला दिसते, ती उगीच नव्हे.

तिसरा शत्रू उष्णता. जितके मिश्रण अधिक, तितकी उष्णता अधिक. आणि धातू तापला की त्याचे बळ उतरते. अॅल्युमिनियमच्या बाबतीत तर हे फार लवकर घडते. चौथा आणि सर्वांत कपटी शत्रू म्हणजे ठोका, ज्याला आपल्याकडील गॅरेजांत पिंकिंग म्हणतात. ठिणगीपासून निघालेली ज्वाला शांतपणे पसरत जावी, हा नियम. परंतु दाब व उष्णता प्रमाणाबाहेर गेली, की ज्वाला पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप एकदम भडकते. मग दाबाच्या लाटा भिंतीवर घणासारख्या आदळतात. सावकाश वाढणारा भार सोसणारी वस्तू अकस्मात घावाने तडकते, हे नारळ फोडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

टर्बोचार्जर हा या चारही शत्रूंना एकदम बळ पुरवितो. त्याचे तत्त्व मोठे मनोहर आहे. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुरात बरीच शक्ती शिल्लक असते. त्या धुराने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवावे, आणि त्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये घालावी. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आगबोटी, आगगाड्या व विमाने यांत ती रुळली. मोटारीत यावयास मात्र तिला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या दोन टर्बो गाड्या विक्रीस आल्या.

यांपैकी जेटफायरची कथा बोधप्रद आहे. ठोका टाळण्यासाठी तिच्या इंजिनात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण तुषाररूपाने सोडण्याची सोय होती आणि त्यासाठी एक निराळी टाकी दिलेली होती. ती टाकी भरलेली ठेवणे हे मालकाचे काम. पुष्कळ मालकांनी ते केले नाही. टाकी रिकामी झाली की यंत्रणा आपण होऊन टर्बोचा दाब कमी करी आणि मालक शक्ती गेल्याची तक्रार करी. १९६३ नंतर ही गाडी बंद झाली. टर्बोचार्जरला शिस्त लागते आणि शिस्तीवाचून शक्ती टिकत नाही, हा धडा या विद्येने आपल्या पहिल्याच पावलावर दिला होता.

आता भिंतीच्या रचनेकडे वळावे. पूर्वी इंजिनाचा सबंध ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, बिडाचा ओतीत. बीड जड खरे. पण कणखर, झिजेला चिवट आणि ओतावयास सोपे. पुढे गाडी हलकी व्हावी म्हणून अॅल्युमिनियम आले. त्याचे वजन बिडाच्या निम्म्याहूनही कमी, आणि उष्णता वाहून नेण्याची शक्ती त्याहून कितीतरी अधिक. परंतु ते मऊ आहे. पिस्टनच्या पोलादी रिंगा त्याला सुखाने राहू देत नाहीत. म्हणून अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात बिडाची पातळ नळी बसविण्याची चाल पडली. या नळीला लायनर किंवा स्लीव्ह म्हणतात. शेव्हरोले कंपनीने १९७० साली बाजारात आणलेल्या व्हेगा गाडीत ही नळी गाळून, सिलिकॉनचे प्रमाण १७ टक्के असलेल्या अॅल्युमिनियमचीच भिंत ठेवून पाहिली. रासायनिक प्रक्रियेने पृष्ठभागावरील सिलिकॉनचे कठीण कण उघडे करावयाचे आणि रिंगांनी त्यांवरून घसरावे, अशी योजना होती. योजना बुद्धीची होती. पण इंजिन एकदा जास्त तापले की भिंती वाकत आणि तेल जळू लागे. या दोषाने त्या गाडीचे नाव खराब झाले.

अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात दुसरा एक बदल झाला, तो अधिक महत्त्वाचा. सिलिंडरभोवती पाणी खेळण्यासाठी पोकळी असते. ठोकळ्याचा माथा बंद ठेवून त्याला केवळ पाण्यापुरती छिद्रे ठेवली, तर सिलिंडरची वरची कड चहूबाजूंनी ठोकळ्यात गुंतलेली राहते. ही झाली बंद माथ्याची रचना. परंतु ही पोकळी ओतताना आत वाळूचा गाभा ठेवावा लागतो व नंतर तो फोडून काढावा लागतो. माथा उघडा ठेवला, तर पोलादी साचा सरळ वर ओढून काढता येतो. वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून मिनिटांत ठोकळा तयार होतो. काम झटपट आणि स्वस्त. शिवाय सिलिंडरच्या अगदी वरच्या, म्हणजे सर्वांत तापणाऱ्या भागाभोवती पाणी मुबलक खेळते. होंडाच्या वर सांगितलेल्या इंजिनांची रचना या उघड्या माथ्याचीच आहे.

मात्र त्यात एक उणेपण राहते. उघड्या माथ्याच्या ठोकळ्यात सिलिंडर खाली पक्के रुतलेले असतात, पण वर त्यांना बाहेरच्या भिंतीचा आधार नसतो. अंगणात रोवलेल्या खांबाचे वरचे टोक मोकळे असावे, तशी त्यांची स्थिती असते. कारखान्याने ठरविलेल्या भाराला हे पुरेसे होते; त्या अभियंत्यांचा हिशेब चुकलेला नव्हता. परंतु त्यांनी योजलेला भार कोणी दुप्पट केला, तर आडव्या रेट्याने सिलिंडरचा माथा दर स्फोटागणिक किंचित हलू लागतो. ही हालचाल केसाच्या जाडीहूनही कमी असेल; पण वर बसलेल्या हेड गॅसकेटला ती पुरते. गॅसकेट घासते, झिजते, दाब पाण्यात शिरतो, रेडिएटरमधून बुडबुडे येतात, इंजिन तापते, आणि तापलेली भिंत आणखी दुबळी होते. हे चक्र एकदा सुरू झाले की त्याचा शेवट भिंतीला पडलेल्या चिरेत होतो. त्यातच अधिक घनफळाच्या लोभाने ८१ मिलिमीटरचा सिलिंडर कातून ८४ चा केला असेल, तर भिंतीची दीड मिलिमीटर जाडी आधीच गमावलेली असते. भार वाढविला आणि भिंत तासली, अशी ही दुहेरी चूक आहे.

यावरील उपाय पुष्कळ आहेत आणि त्यांची योग्यता निरनिराळी आहे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उघड्या माथ्याच्या पोकळीत अॅल्युमिनियमची छिद्रे पाडलेली एक चौकट ठोकून बसविणे. तिने सिलिंडरांच्या माथ्यांना आधार मिळतो. पण ही चौकट फार घट्ट बसविली, तर सिलिंडरची गोलाई बिघडते. सैल बसली, तर ती असून नसल्यासारखी. शिवाय जेथे पाण्याची गरज सर्वांत अधिक, नेमकी तेथेच ती पाण्याची वाट अडविते. म्हणून चौकट बसविल्यानंतर सिलिंडर पुन्हा मापून घासून घ्यावा लागतो, ही गोष्ट जाणता कारागीर कधी विसरत नाही. याच जातीचा दुसरा उपाय म्हणजे बाहेरच्या भिंतीतून आटे पाडून, सिलिंडरला टेकतील अशा धातूच्या खुंट्या बसविणे. आधार मिळतो, पण तो बिंदूबिंदूंचा. ढासळू पाहणाऱ्या घराच्या भिंतीला टेकू द्यावेत, त्यातलाच हा प्रकार.

काही मंडळी पाण्याची पोकळीच सिमेंटसारख्या कठीण होणाऱ्या मिश्रणाने भरून टाकतात. सिलिंडरचा खालचा भाग तेवढा भरून वरचा पाण्यासाठी मोकळा ठेवला, तर भिंतींचे कंपन पुष्कळ कमी होते. ज्या गाड्या पाव मैलाची सरळ शर्यत काही सेकंदांत धावून थांबतात, त्यांत संपूर्ण पोकळी भरण्याचीही प्रथा आहे, कारण इंजिन पुरते तापण्यापूर्वीच शर्यत संपलेली असते. पण रोज बाजारात जाणाऱ्या गाडीला हा उपाय लावणे म्हणजे घर मजबूत व्हावे म्हणून त्याच्या खिडक्या चिणून घेणे होय.

खरा आणि टिकाऊ उपाय नवी भिंत घालण्याचाच. मूळची पातळ नळी समूळ कातून काढावयाची आणि तिच्या जागी जाड, अधिक बळकट नळी बसवावयाची. ही नळी साध्या बिडाची नसते. ती तन्य बिडाची असते. साध्या बिडात कार्बन पापुद्र्यांच्या रूपाने पसरलेला असतो आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे चिरेला आयतीच वाट. अमेरिकेतील इंटरनॅशनल निकेल कंपनीतील कीथ मिलिस या धातुतज्ज्ञाला १९४३ साली असे आढळले की, वितळलेल्या बिडात थोडे मॅग्नेशियम मिसळले तर पापुद्र्यांऐवजी कार्बनच्या गोळ्या बनतात. गोळीपाशी चीर थबकते. या शोधाची वार्ता १९४८ साली जगापुढे आली आणि बीड म्हणजे ठिसूळ वस्तू ही शेकडो वर्षांची समजूत बदलली. तन्य बीड साध्या बिडाच्या दुपटीहून अधिक ताण सोसते, आणि तुटण्यापूर्वी थोडे वाकते.

नळी बसविण्याची रीत खेड्यातल्या सुताराला व लोहाराला परकी वाटू नये. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना ती चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात, तापवून मोठी करतात, चाकावर घालतात व वर पाणी ओततात. निवताच ती चाकाला करकचून आवळते. येथे तेच तत्त्व उलट्या बाजूने वापरावयाचे. अॅल्युमिनियमचा ठोकळा भट्टीत तापवितात म्हणजे त्याचे भोक वाढते; नळी गोठविणाऱ्या थंडीत ठेवतात म्हणजे ती आकसते. मग ती अलगद आत सोडतात. दोन्ही एका तपमानाला आली की जोड जन्माचा बसतो. येथे एक नाजूक हिशेब असतो. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन थंडीपेक्षा ८० अंशांनी तापले, तर ८१ मिलिमीटरच्या भोकात हा फरक मिलिमीटरच्या आठ शतांशांपर्यंत जातो. तेवढी आवळ आधीच ठेवली नाही, तर धावत्या इंजिनात नळी सैल होऊन खाली घसरते. फार ठेवली, तर ठोकळ्यालाच तडा जातो.

उघड्या माथ्याच्या ठोकळ्यासाठी या नळ्यांना वरच्या टोकाला रुंद कड ठेवतात. शेजारशेजारच्या नळ्यांच्या कडा एकमेकींना व बाहेरच्या भिंतीला भिडतात आणि मूळचा उघडा माथा आपोआप बंद होतो. पाण्यासाठी त्या कडांतून छिद्रे ठेवलेली असतात. अशा रीतीने एकाच कामात दोन उणिवा भरून निघतात: भिंत जाड होते आणि तिच्या माथ्याला आधार मिळतो. काही प्रकारांत नळीभोवती सरळ पाणीच खेळते व खालच्या टोकाला रबरी कड्यांनी पाणी अडविलेले असते. मालमोटारींच्या डिझेल इंजिनांत अशी ओली नळी कित्येक पिढ्यांपासून वापरात आहे.

नळी बसली म्हणजे काम संपले असे नाही. किंबहुना तेथून खऱ्या कसबाला प्रारंभ होतो. ठोकळ्याचा माथा सपाट कातावा लागतो आणि नळीच्या कडा त्याच्याशी नेमक्या जुळवाव्या लागतात, कारण तेथे जरा उंचसखलपणा राहिला की गॅसकेट फुटलेच. मग सिलिंडर मापाला आणून घासावयाचा. या घासण्याला होनिंग म्हणतात. ते करताना ठोकळ्यावर पोलादाची एक जाड पाटी, हेडचे बोल्ट ज्या जोराने आवळावयाचे त्याच जोराने, आवळून बसवितात. हे कशासाठी, असे नवशिक्याला वाटते. कारण असे की, बोल्ट आवळल्याने सिलिंडरची गोलाई शतांश मिलिमीटरांनी बदलते. मोकळ्या ठोकळ्यात घासलेला सिलिंडर हेड बसविताच वाकडा होतो. भार पडल्यावर जो आकार येणार, त्या आकारातच त्याला गोल करावयाचे, हे यातले मर्म. शेवटी भिंतीवर तिरप्या रेघांची एक बारीक जाळी उमटविली जाते. ती शोभेसाठी नसते. त्या रेघांत तेल मुरून राहते आणि रिंगा त्यावरून फिरतात.

भिंतीला लेप देण्याची विद्याही या ओघात सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे. निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा निकासिल हा लेप जर्मनीत निघाला आणि पोर्शच्या शर्यतीच्या गाड्यांत त्याने नाव मिळविले. निसान कंपनीने २००७ साली आपल्या जीटी-आर गाडीच्या टर्बो इंजिनात नळी गाळून, वितळलेल्या धातूचा अत्यंत पातळ फवारा भिंतीवर बसविला. अशा लेपाने घर्षण घटते, वजन वाचते आणि उष्णता चटकन बाहेर जाते. परंतु लेप हा गिलावा आहे. तो भिंतीचे बळ नव्हे. या इंजिनाच्या कर्त्यांनी ठोकळ्याचा माथा बंद ठेवला आणि मग लेप दिला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

ज्यांना आरंभापासूनच मोठ्या शक्तीचा विचार करावयाचा होता, त्यांनी बहुधा भिंतीशी तडजोड केली नाही. निसानचे १९८९ सालचे ‘आरबी-२६’ व टोयोटाचे १९९१ साली आलेले ‘२ जेझेड’ ही दोन्ही टर्बो इंजिने बिडाच्या ठोकळ्यांची होती, आणि कारखान्याने दिलेल्या शक्तीच्या दुपटीहून अधिक शक्ती त्यांनी ठोकळा न बदलता सोसली, म्हणून शौकिनांत ती अजून नावाजली जातात. याहून विलक्षण उदाहरण जर्मनीच्या बीएमडब्ल्यूचे. पाउल रोशे या अभियंत्याने शर्यतीसाठी दीड लिटरचे जे टर्बो इंजिन सिद्ध केले, त्याचा ठोकळा १९६० च्या दशकारंभीच्या साध्या घरगुती गाडीतल्या बिडाच्या ठोकळ्यावर आधारलेला होता. त्या इंजिनाच्या बळावर नेल्सन पिके याने १९८३ साली फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळविले. कित्येक हजार किलोमीटर धावलेले जुने ठोकळे त्या कामी मुद्दाम निवडीत, असे सांगितले जाते. गोष्टीत अतिशयोक्ती असेल. पण ओतकामातील आतले ताण तापण्यानिवण्याने कालांतराने सैल होतात, हे शास्त्र मात्र खरे आहे.

यावरून भिंत मजबूत केली की सारे साधले, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. साखळीतली एक कडी जाड केली, की ताण दुसऱ्या कडीवर जातो. भिंत टिकली, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तो पोलादाचा घडीव घातला, तर हेडचे बोल्ट लांबतात. ते बदलले, तर बेअरिंग बोलू लागते. आणि चौथ्या शत्रूचा, म्हणजे ठोक्याचा, बंदोबस्त नळीने होत नाही. तो इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ आणि आत येणाऱ्या हवेचा थंडावा यांनीच होतो. ठोका चालू ठेवून भिंत जाड केली, तर भिंतीऐवजी पिस्टन फुटेल, इतकाच फरक. म्हणून अनुभवी कारागीर गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो शक्ती किती हवी हा नव्हे, तर गाडी कशासाठी हवी हा. माफक दाबावर, नीट जुळवलेल्या इंधनावर मूळच्या भिंती वर्षानुवर्षे चालतात. सामर्थ्य दुप्पट करावयाचे असेल, तर मात्र नळीचा खर्च टर्बोच्या खर्चाआधी मांडावा.

भारतात हा विषय आता परका राहिलेला नाही. चार मीटरांच्या आतील व १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना २००६ पासून करात सवलत मिळू लागली, आणि पुढे लहान इंजिनातून मोठे काम काढण्याच्या धडपडीत एक लिटरच्या आसपासची टर्बो इंजिने आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागली. त्यांच्या भिंती कारखान्याने त्या भाराला योग्य अशाच केलेल्या असतात. त्यावर आणखी दाब चढविण्याचा मोह कित्येक तरुणांना होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम, नोंदणी-पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई करते, ही गोष्ट त्यांनी विसरू नये. अशा प्रयोगांची जागा कोइमतूर, चेन्नई किंवा ग्रेटर नॉयडा येथील शर्यतीच्या मार्गांवर आहे. खंडाळ्याच्या घाटात नाही.

कौशल्याची वाण मात्र आपल्याकडे नाही. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात सिलिंडरच्या नळ्या तयार होतात. कोल्हापूरच्या ओतशाळांत बीड ओतण्याची विद्या पिढ्यांपिढ्या मुरलेली आहे. महामार्गालगतच्या कितीतरी दुकानांत झिजलेली नळी काढून नवी बसविणारे हात दररोज राबत असतात. ते हात मालमोटारीची नळी बसवितात, ती गाडी पुन्हा पाच-सात वर्षे धावावी म्हणून. शर्यतीचा कारागीर बसवितो, ती काही सेकंदांच्या विजयासाठी. हेतू निराळा असला तरी मापात ठेवावयाचा प्रामाणिकपणा दोघांनाही सारखाच लागतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी लबाडी करून कोणाचेही इंजिन टिकलेले नाही.

सिलिंडरची भिंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही. गाडी धावते तेव्हा नजर जाते ती तिच्या वेगाकडे आणि कान जातात ते तिच्या आवाजाकडे. ती भिंत आपले काम करीत असता तिची आठवण कोणाला होत नाही, आणि तिची आठवण झाली म्हणजे बहुधा वेळ निघून गेलेली असते. बांधून काढलेल्या विहिरीचे दगडही असेच पाण्याखाली, अंधारात राहतात. पाणी भरणाऱ्याला ते दिसत नाहीत. पण ज्याने विहीर खणली, त्याला ते ठाऊक असतात, आणि पावसाळ्याच्या रात्री त्याला स्वस्थ झोप लागते ती त्यांच्याच भरवशावर.